योहान केप्लर : वर्षाच्या चार भागांचा मोजणीदार

वर्षातून चार दिवस सूर्याच्या वाटेवर विशेष मानिले जातात. मार्चच्या २० किंवा २१ तारखेस आणि सप्टेंबरच्या २२ किंवा २३ तारखेस सूर्य बरोबर पूर्वेस उगवून बरोबर पश्चिमेस मावळतो, व सर्व पृथ्वीवर दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी होतात. ह्या दोन दिवसांस संपातदिन म्हणतात. जूनच्या २१ तारखेच्या सुमारास सूर्य उत्तरेकडील आपल्या शेवटल्या टोकास पोचून मागे वळतो, व डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस दक्षिणेकडील टोकाहून परत फिरतो. हे दोन अयनदिन होत. युरोपातील लोक ह्याच चार दिवसांवरून वर्षाचे वसंत, उन्हाळा, शरद व हिवाळा असे चार भाग करितात. आपल्याकडे पंचांगात ऋतू सहा, आणि शेतकरी तर तीनच ओळखतो. तथापि सूर्याचे हे चार दिवस सर्वांचे सारखेच आहेत. मात्र त्यांच्यामधले चार भाग सारखे नाहीत. ते तसे का नाहीत, हे ज्याने नीट उलगडून दाखविले त्या योहान केप्लर ह्याचे चरित्र आम्ही ह्या अंकी देत आहोत. ज्या मंडळीसाठी त्याने आपले घरदार सोडिले, तिच्याच पाळकांनी त्यास प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेविले. आणि वर्षाची जी खरी मोजणी त्याने आपल्या लोकांपुढे मांडिली ती स्वीकारावयास त्यांस आणखी ८७ वर्षे लागली. म्हणून हे चरित्र केवळ ताऱ्यांविषयीचे नाही.

केप्लर ह्याचा जन्म १५७१ साली डिसेंबरच्या २७ तारखेस जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील वाइल नामक लहानशा नगरात झाला. आजा त्या नगराचा मुख्य कारभारी होता. पण बाप भाडोत्री शिपाई, पगार मिळेल त्या राजाच्या लढाईस जाणारा, आणि शेवटी एकदा गेला तो परत आलाच नाही. आई काटारिना ही एका खाणावळवाल्याची मुलगी. ती झाडपाल्याची औषधे करी, आणि जिभेने तिखट होती. मूल अपुऱ्या दिवसांचे, अशक्त. त्यात लहानपणी देवी आल्या. जीव वाचला, पण दृष्टी कायमची अधू झाली. ज्याने पुढे आकाशाचा हिशेब लाविला त्याला स्वतःला तारे धड दिसत नसत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तरी १५७७ साली मोठा धूमकेतू निघाला तेव्हा आईने त्यास उंच जागी नेऊन तो दाखविला, आणि ती रात्र तो जन्मभर विसरला नाही.

वुर्टेम्बर्गच्या राज्यात धर्मसुधारणेनंतर जुन्या मठांच्या शाळा केल्या होत्या. गरिबांच्या हुशार मुलांस तेथे राजाच्या खर्चाने शिकवून पाळक करीत. केप्लर त्याच वाटेने आडेलबर्ग व मौलब्रॉन येथील शाळांतून १५८९ साली ट्युबिंगेनच्या विद्यापीठात गेला. पाळक होणे हीच त्याची इच्छा होती. तेथे मिखाएल मेस्टलिन ह्या गुरूपाशी तो गणित व ज्योतिष शिकला. पृथ्वी स्थिर नसून ती सूर्याभोवती फिरते, हे कोपर्निकसचे मत मेस्टलिन विश्वासू शिष्यांस समजावून देई. केप्लरने ते मनापासून धरिले. ईश्वरविद्येचा अभ्यास संपत आला असता ऑस्ट्रियातील ग्राट्स नगराच्या प्रॉटेस्टंट शाळेतील गणितशिक्षक वारला, व त्या जागी माणूस पाठविण्याविषयी मागणी आली. विद्यापीठाने केप्लरचे नाव सुचविले. १५९४ साली त्याने नाखुशीनेच होकार दिला, आणि व्यासपीठावर जाण्याचे राहून तो फळ्यापाशी गेला.

ह्या प्रवासात एक चमत्कारिक गोष्ट घडली. वुर्टेम्बर्गात जी तारीख होती तिच्याहून ग्राट्सची तारीख दहा दिवस पुढे होती. त्या काळी रोमन कॅथलिक मुलखाची हद्द ओलांडताच असे दहा दिवस हरवत. हे कसे, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण केप्लरच्या आयुष्यात ही बाब पुन्हा येणार आहे.

ज्यूलिअस कैसराच्या काळापासून युरोपात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरीत, म्हणून दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्त घालीत. पण सूर्य एका वसंतसंपाताहून दुसऱ्या वसंतसंपातास ३६५ दिवस, ५ तास व सुमारे ४९ मिनिटांत येतो. म्हणजे दर वर्षी ११ मिनिटांची चूक. ११ मिनिटे ती काय, असे कोणी म्हणेल. पण सुमारे १२८ वर्षांत तिचा पुरा एक दिवस होतो. इ. स. ३२५ साली निकेया येथे मंडळीच्या अध्यक्षांची मोठी सभा भरली तेव्हा वसंतसंपात २१ मार्चास होता. १५८२ साली तो ११ मार्चास येऊन पोचला होता. ईस्टरचा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी करावयाचा असल्यामुळे, संपात सरकला की सणही ऋतूतून सरकतो. ह्यास्तव पोप तेरावा ग्रेगरी ह्याने त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसास १५ ऑक्टोबर म्हणावे असे ठरविले. आणि पुढे शतकाच्या शेवटल्या वर्षास ४०० ने नि:शेष भाग जात असेल तरच ते लीप वर्ष धरावे, असा नियम केला. आज आपल्या भिंतीवर जे कॅलेंडर टांगलेले असते ते हेच.

गणित बरोबर होते. परंतु ते पोपाकडून आले होते, आणि त्या काळच्या प्रॉटेस्टंट राज्यांस तेवढे कारण पुरे झाले. त्यांनी जुनीच तारीख चालू ठेविली. एकाच नदीच्या एका तीरावर ईस्टर, तर दुसऱ्या तीरावर अजून उपासाचे दिवस, असे होऊ लागले. बाजाराचे दिवस चुकत, करारांच्या मुदतींवरून तंटे होत. केप्लरचा गुरू मेस्टलिन हाही नव्या कॅलेंडरच्या विरुद्ध लिहिणाऱ्यांपैकी होता. शिष्याचे मत मात्र निराळे होते, आणि गुरूच्या मानासाठी त्याने ते लपविले नाही.

तारखेचे असे सरकणे केवळ युरोपातच झाले असे नव्हे. आपल्याकडे मकरसंक्रांत उत्तरायणाचा आरंभ म्हणून पाळितात व ती १४ किंवा १५ जानेवारीस येते. परंतु सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस. येथे कारण दुसरे आहे. आपले पंचांग राशी ताऱ्यांवरून मोजते, आणि पृथ्वीचा आस हळूहळू डुलत असल्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे हटतो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एक होते. भारत सरकारने १९५७ साली जी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली तिचा १ चैत्र मात्र वसंतसंपाताला धरून २२ मार्चास, लीप वर्षी २१ मार्चास, ठेविला आहे.

असो. ग्राट्स येथे केप्लरच्या वर्गात विद्यार्थी थोडे, पुढील वर्षी तर एकही नव्हता. शिकविण्याखेरीज दर वर्षाचे पंचांग करणे हेही त्याचे काम होते, आणि त्यात थंडी, लढाया व पिके ह्यांविषयी भाकिते लिहावी लागत. पहिल्याच पंचांगात त्याने कडक हिवाळा व तुर्कांची स्वारी वर्तविली, व दोन्ही खरी ठरल्यामुळे त्याचे नाव झाले. ह्या भाकितांवर त्याची पुरती श्रद्धा नव्हती, पुरता अविश्वासही नव्हता. पोटासाठी तो ती करीत राहिला. आम्ही त्यास ह्याबाबत निर्दोष म्हणत नाही. १५९७ साली त्याने बार्बारा म्यूलर ह्या विधवेशी लग्न केले. पहिली दोन मुले काही आठवड्यांचीच होऊन वारली. दुसऱ्या लेकराची मूठमाती कॅथलिक पुरोहितास टाळून केली म्हणून त्यास दंड भरावा लागला, कारण तोपर्यंत त्या प्रांताचा राजा फर्डिनंड ह्याने प्रॉटेस्टंटांस हुसकून लावण्याचा निश्चय केला होता. १५९८ साली सर्व उपदेशक व शिक्षक यांस नगर सोडण्याचा हुकूम झाला. केप्लरच्या विद्येमुळे त्यास एकट्यास परत येऊ दिले. पण १६०० च्या ऑगस्टात शेवटला प्रश्न विचारण्यात आला : कॅथलिक होता की जाता? त्याने जाण्याचे पत्करिले. बायकोच्या शेतीवाडीचे मोल मातीमोल झाले. दोन गाड्यांवर सामान लादून, बायको व सावत्र मुलगी यांस घेऊन तो निघाला.

तो प्राग येथे टायको ब्राहे ह्याच्या आश्रयास गेला. ब्राहे हा डेन्मार्कचा सरदार, बादशहा रुडॉल्फ ह्याचा ज्योतिषी. दुर्बीण निघण्यापूर्वी नुसत्या डोळ्यांनी व मोठमोठ्या यंत्रांनी ग्रहांचे वेध त्याच्याइतके सूक्ष्म कोणी घेतले नव्हते. ब्राहेपाशी वेध होते, केप्लरपाशी गणित होते. दोघांचे पटत नसे. पण १६०१ च्या ऑक्टोबरात ब्राहे वारला, आणि त्याची जागा व त्याच्या वह्या केप्लरच्या हाती आल्या.

त्यास मंगळाची वाट शोधावयाची होती. परंतु ज्या पृथ्वीवर उभे राहून आपण मंगळ पाहतो ती स्वतःच फिरत आहे. तेव्हा आधी पृथ्वीची वाट ठरविल्यावाचून मंगळाची ठरणार कशी? केप्लरने एक युक्ती काढिली. मंगळ ६८७ दिवसांनी आपल्या वाटेवरील त्याच जागी परत येतो. म्हणून ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेले वेध निवडिले, तर मंगळ हा माळावरच्या एका स्थिर दिव्याप्रमाणे होतो, आणि त्या दिव्यावरून पृथ्वी कोठे कोठे होती हे मोजणीदाराप्रमाणे काढिता येते. असे करिता त्यास आढळले की, पृथ्वी सूर्याभोवती एकाच वेगाने जात नाही. सूर्याजवळ असता ती जलद चालते, दूर असता मंद. ऋतूंच्या विषम लांबीचे मर्म येथे त्याच्या हाती लागले.

ते मर्म समजण्यास प्रथम ऋतू कशाने होतात हे ध्यानात घेतले पाहिजे. पुष्कळांचा समज असा की, सूर्य जवळ आला म्हणजे उन्हाळा व दूर गेला म्हणजे हिवाळा. तसे नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभी, युरोपात बर्फ पडत असते तेव्हा. आणि सर्वांत दूर जाते ती जुलैच्या आरंभी. सरासरी अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर, आणि जवळचे व दूरचे ह्यांत फरक सुमारे ५० लाखांचा. ऋतूंचे कारण पृथ्वीचे तिरपेपण होय. आमच्या उपदेशक बंधूंनी शाळेत करून पाहावे : खोलीच्या मध्यभागी दिवा ठेवा, एका नारिंगातून बांबूची काडी आरपार घाला, ती जराशी तिरपी धरा, आणि काडीचे वरचे टोक सतत उत्तरेच्या भिंतीकडे ठेवून दिव्याभोवती एक फेरी घाला. एका बाजूस नारिंगाचा वरचा अर्धा भाग दिव्याकडे झुकलेला दिसेल, समोरच्या बाजूस खालचा. आणि मधल्या दोन जागी उजेड दोन्ही टोकांस सारखा पोचेल. झुकलेल्या दोन जागा म्हणजे अयनदिन, मधल्या दोन म्हणजे संपातदिन. काडीचे तिरपेपण सुमारे साडेतेवीस अंश आहे.

प्रागसारख्या उत्तरेकडील नगरात ह्याचा परिणाम फार मोठा होतो. तेथे जूनमध्ये दिवस सुमारे १६ तासांचा, तर डिसेंबरात सुमारे ८ तासांचा. आणि डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर चढतो. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास व सर्वांत लहान सुमारे ११ तासांचा. म्हणून आपल्याकडे दिवसाच्या लांबीपेक्षा पावसाची येजा हीच ऋतू ठरविते, व खरी काहिली जूनच्या आधीच, एप्रिल-मे महिन्यांत होऊन जाते.

आता लांबीकडे वळू. वसंतसंपातापासून जूनच्या अयनापर्यंत सुमारे ९२ दिवस १८ तास लागतात. तेथून शरत्संपातापर्यंत ९३ दिवस १५ तास. तेथून डिसेंबरच्या अयनापर्यंत ८९ दिवस २० तास. आणि तेथून पुन्हा वसंतसंपातापर्यंत ८९ दिवस. म्हणजे उत्तरेकडील वसंत व उन्हाळा मिळून शरद व हिवाळा ह्यांपेक्षा सात दिवसांहून अधिक मोठे. हे विषमपण नवे नव्हते. हिप्पार्कस नामक ग्रीक ज्योतिष्याने ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकातच वसंत साडेचौऱ्याण्णव व उन्हाळा साडेब्याण्णव दिवसांचा मोजिला होता. पण स्वर्गीय वस्तू वर्तुळातच व एकाच वेगाने फिरल्या पाहिजेत, असे सर्व विद्वानांनी धरून ठेविले होते. म्हणून ते वर्तुळाचा मध्य थोडा बाजूस सारून हिशेब जुळवीत. कोपर्निकसनेही वर्तुळे सोडिली नाहीत.

केप्लरनेही वर्षानुवर्षे वर्तुळेच जुळवून पाहिली. एकदा तर मंगळाचे गणित इतके जमले की ब्राहेच्या वेधांशी फरक फक्त आठ कलांचा राहिला, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका. दुसरा कोणी तेथेच थांबता. परंतु ब्राहेच्या वेधांत एवढी चूक असणार नाही हे केप्लर जाणून होता, आणि त्या आठ कलांसाठी त्याने आपले सर्व श्रम टाकून दिले. आमच्या मते त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घडी हीच; पुढला शोध हा तिचे फळ. १६०५ च्या ईस्टरच्या सुमारास त्यास उमगले की वाट वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे. जमिनीत दोन खुंट्या ठोका, दोरीचा एक सैल फासा दोन्हींभोवती घाला, आणि तो ताणून धरून काठीने रेघ ओढा; जी आकृती निघेल तिचे नाव लंबवर्तुळ. सूर्य मध्यावर नसून एका खुंटीच्या जागी असतो. दुसरा नियम वेगाचा. सूर्यापासून ग्रहापर्यंत दोरी ताणिली आहे असे समजा. ती सारख्या वेळात सारखीच जमीन झाडून काढिते. सूर्याजवळ दोरी आखूड, म्हणून तेवढीच जमीन झाडण्यास ग्रहास अधिक धावावे लागते. पृथ्वी जानेवारीत जवळ असते, म्हणून उत्तरेकडील हिवाळा ती लगबगीने ओलांडते. जुलैत दूर असते, म्हणून उन्हाळा रेंगाळतो. हे दोन नियम १६०९ साली ग्रंथरूपाने छापले गेले.

पुढे १६११ साल उजाडले. त्या आधीच्या हिवाळ्यात पुलावरून जाताना अंगरख्यावर पडलेले बर्फाचे कण पाहून, ते नेहमी सहा कोनांचेच का, ह्यावर त्याने एका मित्रास नववर्षाची भेट म्हणून लहानसे पुस्तक लिहून दिले. ते हसतखेळत लिहिलेले आहे. त्याच वर्षी त्याचा सहा वर्षांचा आवडता मुलगा देवीने गेला, नगरात लढाई व रोगराई शिरली, बादशहा राज्यावरून उतरला, आणि बायकोही वारली. उरलेल्या दोन मुलांस घेऊन १६१२ साली तो लिंट्स नगरी शिक्षक म्हणून आला.

लिंट्सची मंडळी लूथरपंथी होती, व तिचा मुख्य पाळक डॅनिएल हिट्स्लर हा केप्लरच्याच मुलखातला, त्याच शाळांतून शिकलेला. केप्लरने प्रभुभोजनास येण्यापूर्वी आपण होऊन त्यास सांगितले की, मंडळीच्या ऐक्यलेखातील एका कलमावर, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर सर्व ठिकाणी हजर आहे ह्या शिकवणीवर, आपल्यास सही करवत नाही. आणि कॅल्विनपंथी ख्रिस्ती लोकांस दोषी ठरविण्यासही आपण तयार नाही. बाकी सर्व बाबतींत तो लूथरपंथाच्या कबुलीस धरून होता. हिट्स्लरने त्यास मेजावर येऊ दिले नाही. केप्लरने स्टुटगार्ट येथील वरिष्ठ मंडळाकडे दाद मागितली. त्यांनी पाळकाची बाजू उचलून धरिली. पुढे १६१९ साली ट्युबिंगेनच्या गुरुजनांनीही हाच निकाल कायम केला. हिट्स्लर दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. तो आपल्या वरिष्ठांच्या नियमाप्रमाणे चालला, आणि त्या काळी चहूंकडून शत्रूंनी घेरलेल्या मंडळीस एकेका कलमाची धास्ती वाटे. तथापि केप्लर गप्प राहिला असता तर त्यास कोणी अडविले नसते. खरे सांगितल्यामुळे तो अडला. नगरात तो पाखंडी म्हणून ओळखला जाऊ लागला. कॅथलिकांनी त्यास आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न वारंवार केला, तेथे मानही होता व पैसाही. तो गेला नाही.

अशा स्थितीत १६१३ साली बादशहा मॅथिअस ह्याने त्यास रेगेन्सबुर्ग येथील राजसभेत कॅलेंडरच्या प्रश्नावर सल्ला देण्यासाठी नेले. केप्लरने ह्या विषयावर संवादरूपाने एक लेखही लिहिला होता. त्याचे म्हणणे असे होते की, संपात कोठे आहे हे सूर्य ठरवितो, पोप ठरवीत नाही व ट्युबिंगेनही ठरवीत नाही. पोपाचा हुकूम म्हणून नको असेल तर बादशहाच्या आज्ञेने घ्या, पण एका राष्ट्रात दोन तारखा ठेवू नका. प्रॉटेस्टंट राजांनी ऐकिले नाही. त्यांचीच मंडळी ज्यास दूर ठेवीत होती त्याचे त्यांनी ऐकावे तरी कसे? सभा निष्फळ झाली. त्याच साली केप्लरने सुझाना नामक एका अनाथ मुलीशी दुसरे लग्न केले, व तो संसार सुखाचा झाला.

त्यानंतर आईवरचे संकट आले. १६१५ साली एका शेजारणीने भांडणातून काटारिनेवर चेटकीण असल्याचा आळ घेतला. तिच्या औषधाच्या पेयाने आपण आजारी पडलो, असे तिचे म्हणणे. एकदा बोभाटा झाल्यावर गावच्या प्रत्येक लंगड्या मुलाचे व मेलेल्या गुराचे पाप म्हातारीच्या माथी आले. त्या काळी असल्या आळावर कित्येक बायकांस जाळिले जात होते. १६२० च्या ऑगस्टात तिच्या मुलीच्या घरून, एका पाळकाच्या घरून, रात्री तिला पेटीत घालून उचलून नेले. सत्तरी उलटलेली ती बाई साखळीने जखडून चौदा महिने कोठडीत होती. केप्लरने लिंट्सचे काम सोडून, शेकडो मैल जाऊन, तिचा बचाव चालविला. साक्षीदारांच्या एकेका गोष्टीस त्याने ग्रहांच्या वेधांप्रमाणे तपासून, हा रोग आधीचा, ती तारीख जुळत नाही, असे दाखवून दिले. शेवटी छळाची हत्यारे पुढे मांडून तिला कबुली देण्यास सांगितले. तिने दिली नाही. १६२१ च्या ऑक्टोबरात ती सुटली, व पुढल्या एप्रिलात वारली. गावात चेटूक, मूठ मारणे असल्या गोष्टी ज्यांच्या कानी अजून पडतात त्यांनी ही हकीकत आपल्या लोकांस जरूर वाचून दाखवावी.

हे सर्व चालू असताना त्याची लेखणी थांबली नव्हती. १६१८ च्या मे महिन्यात, जर्मनीस तीस वर्षे भाजून काढणारे युद्ध पेटण्याच्या आठवडाभर आधी, त्यास ग्रहांचा तिसरा नियम सापडला. १६१८ ते १६२१ ह्या काळात त्याने कोपर्निकसच्या ज्योतिषाचे एक मोठे पाठ्यपुस्तक छापिले. ते सगळे प्रश्नोत्तररूप आहे, आपल्या प्रश्नोत्तरावलीसारखे. दिवसरात्र का लहानमोठी होतात, ऋतू कसे बदलतात, हे त्यात शिष्याने विचारावे व गुरूने सांगावे अशा रीतीने येते. त्या पुस्तकाचा पहिला भाग १६१९ साली रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. आपल्या मंडळीने मेजावरून उठविले, परक्या मंडळीने पुस्तक बंद केले.

१६२६ साली बंडखोर शेतकऱ्यांनी लिंट्सला वेढा घातला व छापखाना जळाला. केप्लरने हस्तलिखिते वाचविली आणि उल्म येथे जाऊन १६२७ साली ग्रहांची कोष्टके छापिली. ब्राहेने मरतेसमयी सोपविलेले हे काम. त्यास बादशहाच्या नावावरून रुडॉल्फची कोष्टके म्हणतात. बादशहांच्या खजिन्याकडे त्याचे हजारो गुल्डेन पगाराचे येणे थकले होते. ते मिळविण्यासाठी १६३० च्या शरदात तो एका मरतुकड्या घोड्यावर बसून रेगेन्सबुर्गास आला, तापाने पडला, आणि १५ नोव्हेंबरास मरण पावला. तेथील प्रॉटेस्टंट स्मशानात त्यास पुरिले. युद्धात ते स्मशान उद्ध्वस्त झाले व त्याच्या कबरेची जागाही उरली नाही.

पुढल्याच वर्षी, १६३१ च्या नोव्हेंबरच्या ७ तारखेस, बुध ग्रह सूर्याच्या बिंबावरून गेला. केप्लरने आधीच हा दिवस छापून ठेविला होता. पॅरिसला गासेंडी नामक एका कॅथलिक पुरोहिताने तो काळा ठिपका डोळ्यांनी पाहिला. मग ती कोष्टके सर्वत्र जाऊ लागली.

१६९९ साली जर्मनीच्या प्रॉटेस्टंट राज्यांनी अखेर जुनी तारीख सोडण्याचे ठरविले. १७०० साली १८ फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवसास त्यांनी १ मार्च म्हटले. इंग्लंडने आणखी उशीर केला. त्याने १७५२ साली २ सप्टेंबरमागून १४ सप्टेंबर आणिला, आणि तो कायदा आशियातील इंग्रजी मुलखासही लागू असल्यामुळे तेव्हा इंग्रजांच्या हाती असलेल्या मुंबईचीही तारीख बदलली. जर्मन प्रॉटेस्टंटांनी मात्र पोपाचे कॅलेंडर असे म्हणावयाचे टाळून त्यास सुधारलेले कॅलेंडर हे नाव दिले, आणि ईस्टरची पौर्णिमा व वसंतसंपात पोपाच्या नियमाने न काढिता प्रत्यक्ष आकाशाच्या गणिताने काढावयाचे ठरविले. त्या गणितासाठी त्यांनी कोष्टके घेतली ती केप्लरची. ज्यास मेजावर बसू दिले नव्हते त्याच्याच आकड्यांवरून पुढे पाऊणशे वर्षे त्यांच्या देवळांत ईस्टरचा रविवार ठरला. १७२४ व १७४४ ह्या दोन वर्षी त्यांचा सण कॅथलिकांच्या एक आठवडा आधी आला, व पुन्हा तंटे झाले. १७७६ साली ही वेगळी मोजणी बंद करून दोन्ही पक्षांचा ईस्टर एकाच दिवशी करावा असे ठरले.